यंत्राला पाणी दिसेना

सोलापुरात आल्यावर मला पहिला ताप आला, तेव्हा घरमालक काकांनी खालच्या अंगणातूनच विचारलं, "तक्रार काय हाय?"

मी शाल गुंडाळून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. म्हटलं, "अंग दुखतंय, काका. ताप आलाय."

"कधीपासनं?"

"कालपासून."

"सलग हाय, का मधीच येतो मधीच जातो?"

"मधेच जातो."

"मग तार तुटलेली न्हाय. कुटंतरी लूज हाय," असं म्हणून ते निश्चिंत मनानं आत गेले. थोड्या वेळानं तांब्याभर पाणी, तापाची गोळी आणि मऊ भात घेऊन जिना चढून वर आले. भातात मीठ विसरलेलं होतं. त्याबद्दल काही बोलायची सोय नव्हती, कारण बोललं की पुन्हा 'कधीपासनं' सुरू झालं असतं.

काकांनी उभी हयात टेलिफोन खात्यात, तक्रारींच्या टेबलावर काढली होती. ते निवृत्त झाले, मागोमाग घराघरांतले काळे फोन गेले, खांबांवरच्या तारा गेल्या, पण काकांच्या तोंडातली ती प्रश्नांची माळ काही गेली नाही. कामवालीनं खाडा केला, शेजारच्या जोडप्यात वाजलं, लिंबाला मोहर आला नाही, काहीही असो, काका आधी तक्रार नोंदवून घ्यायचे. "फॉल्ट तीन जागी असतोय," ते बोटांवर मोजत सांगायचे. "घरात, खांबावर, न्हायतर माणसात. घर आन् खांब मी बगतो. माणसाचं ज्यानं त्यानं बगावं."

एक जुना रिसीव्हर त्यांच्या कॉटवर उशीपाशी पडलेला असायचा. त्याची वायर कुठंच जोडलेली नव्हती. काही सुचेनासं झालं की ते तो उचलून कानाला लावत आणि डोळे मिटून बसत. मी एकदा विचारलं, काय ऐकू येतं? म्हणाले, "काय न्हाय. म्हणून तर डोकं चालतंय." बाकी कान लावायची त्यांना खोडच होती. ज्वारीच्या कोठीला कान लावून ते पोरकिडा लागलाय का ते सांगत. ते बहुतेक वेळा चुकायचं, आणि चुकलं की दोष किड्याचा असायचा.

मी मूळची वैरागची. विमा कचेरीत नोकरी, लग्न केलं नाही, बदली होईल तिथं बिऱ्हाड. जुळे सोलापूर नावाच्या भागातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं बघायला गेले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. फाटकाशी लाल माठ, त्यावर झाकण, झाकणावर पालथा पेला. मी आत पाऊल टाकून "मी अमुक तमुक" असं सुरू केलं, तर काकांनी हात वर करून मला थांबवलं आणि पेला पुढं केला. "आदी पानी, मग नाव."

मी पाणी प्यायले. मग माझं नाव सांगितलं. आडनाव सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "तेवढं बास. पुढचं मला लागत न्हाय."

हा त्यांचा नियम सगळ्यांना होता. कुरिअरवाला, मीटर वाचायला येणारा, रस्ता चुकलेला माणूस, निवडणुकीत हात जोडून येणारे. आधी पाणी. भांडायला आलेल्या एका शेजाऱ्यालाही त्यांनी पाणी पाजलं, आणि तो धिप्पाड गृहस्थ पाणी प्यायल्यावर काय बोलायचं होतं तेच विसरला. रिकामं भांडं काकांच्या नजरेला सहन व्हायचं नाही. कचेरीतून येताना माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली रिकामी दिसली की फाटकातच ती काढून घेत आणि भरून देत. मी घरातच तर चालले आहे, असं म्हणून काही उपयोग नसायचा.

सोलापूरकराला पाणी दोन असतात, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. एक बोअरचं, खारं. ते धुण्याभांड्याला. दुसरं नळाचं, गोडं. ते कैक दिवसांनी एकदा येतं आणि कधी येईल याचा नेम नाही. काका नळाला कान लावून बसत. पाण्याच्या आधी नळात हवा येते, ती त्यांना ऐकू यायची. एवढ्या एका बाबतीत मात्र त्यांचा कान कधी चुकला नाही. हवा आली की ते पान्ह्यानं पाइप वाजवायचे. तो आवाज भिंतीतल्या पाइपातून थेट माझ्या मोरीत निघायचा. मी हातातलं टाकून घागरी काढायची. त्या ठकठकीवर मी किती वैतागले असेन, आणि आज तोच आवाज ऐकायला काय वाटेल ते द्यायला तयार आहे.

काकू मी यायच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. एकुलती एक लेक जर्मनीत. काकूंच्या माघारी काकांनी स्वयंपाक असा केलाच नाही. कडक भाकरी विकत आणायची, ती चहात बुडवायची, वर शेंगाचटणी. दात निम्मे गेलेले. लेक सुट्टीला आली, तिनं हे बघितलं आणि डोक्याला हात लावला. तिचं म्हणणं सरळ होतं: अप्पा, माझ्याबरोबर चला. काकांचं म्हणणं त्याहून सरळ होतं: न्हाय. पुष्कळ घासाघीस झाल्यावर लेकीनं स्वयंपाकघराची एक भिंत फोडून तिच्यात वाफेवर शिजवणारा ओव्हन बसवून घेतला. तेल नको, फोडणी नको, पाणी भरायचं, भाजी ठेवायची, बटण दाबायचं. तो इंटरनेटला जोडलेला होता. इथं तो लागला की तिकडं तिच्या फोनवर हिरवा ठिपका दिसायचा.

जाताना तिनं माझ्यादेखत बजावलं, "ठिपका रोज दिसला तर समजेन तुम्ही जेवताय. मग राहा इथंच. दिसायचा बंद झाला की मी येईन, आणि कुलूप लावूनच जाईन."

काका मान डोलवत होते. ती गेल्यावर ओव्हनकडं बघत म्हणाले, "म्हंजे ही पेटी चालली तर मी सोलापुरात. बंद पडली तर इमानात."

त्या दिवसापासून ते त्याला पेटीच म्हणायचे, आणि पेटीशी बोलायचे.

पहिले काही महिने बरे गेले. सकाळी दहाच्या सुमारास, म्हणजे तिकडं उजाडायच्या वेळेला, काका पेटी लावायचे. भोपळा, अंडी, मेथीचे मुटके, इडली. मुटके दगडासारखे व्हायचे आणि इडलीचा भात व्हायचा, पण ठिपका दिसायचा. मग एकाएकी पेटीच्या तळाशी पाणी साचू लागलं. शिजवून झाल्यावर उरलेलं पाणी पंपानं परत टाकीत यायला हवं, ते येईना. दार उघडलं की फरशीवर ओघळ. पाठोपाठ पडद्यावर खुणा आणि पिपाणी.

"तक्रार काय हाय?" काकांनी पेटीला विचारलं. कान लावला. "पंप चालतोय. कण्हतोय, पन चालतोय."

दोष माणसातच होता. काकांनी पेटीत बोअरचं पाणी घातलं होतं. गोडं पाणी माणसांना, खारं पाणी बाकी सगळ्याला, हा सोलापूरचा रिवाज त्यांनी यंत्रालाही लावला. आत जाळीवर, नळीत, जिथं पाणी जाईल तिथं क्षाराचा पांढरा थर बसला होता. आमच्या बादल्यांना बसतो तसाच, पण बादलीला नळ्या नसतात.

थर काढायला काकांनी चिंच काढली. तांब्या-पितळ चिंचेनं उजळतं, मग पेटी का नाही? चिंचेचा कोळ करून त्यांनी टाकीत ओतला आणि बटण दाबलं. घरभर आमटीचा वास सुटला. काका खूश. संध्याकाळपर्यंत चिंचेचे दोरे पंपात अडकले आणि जे थोडं पाणी निघत होतं तेही बंद झालं.

मी हसले, तेव्हा ते एक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाइप मात्र वाजवला.

कंपनीला फोन लावला. फोनवरच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "सर, मशीन बंद करून परत चालू केलं का?" काकांचा चेहरा उजळला. फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "हे आमीच शिकिवलं दुनियेला." पण पुढं ती 'कधीपासनं' विचारेना, 'सलग का मधेमधे' विचारेना, तेव्हा त्यांचा जीव कासावीस झाला. शेवटी तेच तिला म्हणाले, "बाळ, तू मला इचार, पाऊस पडला व्हता का." ती म्हणाली, सर, मेकॅनिक पुण्याहून येईल, पण सोलापूरचा फेरा कधी ते सांगता येणार नाही. काकांनी पाणी पिऊन घे असं सांगून फोन ठेवला.

मग आम्ही दोघांनी मिळून जाळी काढली, दोरे चिमट्यानं ओढले, आणि लिंबूसत्वाचं पाणी आतून फिरवलं. ते पांढरं पाणी भळभळा टाकीत परत आलं तेव्हा काकांनी टाळी वाजवली. सगळी सुट्टी त्यात गेली. फरशीवर पाय पसरून भिंतीला टेकलेले काका, मिशीला क्षाराची भुकटी, असे ते मला अजून दिसतात.

खरा घोळ त्याच्यानंतर झाला. झाला प्रकार काकांनी मनाला फार लावून घेतला. "घरात आलेल्या पाव्हणीला मी खारं पानी दिलं," असं ते दोन-तीनदा म्हणाले. आणि मग दुसऱ्या टोकाला गेले. गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते पाणी त्यांनी कॅन भरभरून आणलं. त्यात क्षार नावाला नाही. सगळ्यांत शुद्ध. तो कॅन त्यांनी स्वयंपाकघरात उंच फळीवर ठेवला आणि मला ताकीद दिली की त्याला उष्टा हात लावायचा नाही.

त्या दिवसापासून पेटी पाणी मागू लागली. टाकी काठोकाठ भरलेली, आणि पडद्यावर रिकाम्या टाकीची खूण. पिपाणी वाजायची, वाफ सुरू व्हायचीच नाही. काका टाकी काढून उजेडात धरायचे, हलवायचे, पुन्हा बसवायचे. पुन्हा तेच.

"भरलीया की गं," ते पेटीला म्हणायचे. आवाज असा, जणू कुणी त्यांच्यावर खोटा आळ घेतलाय. "ही बग, काठोकाठ भरलीया."

चिंचेच्या वेळी मी हसले होते. या वेळी हसू येईना, कारण काकांचं जेवण तुटलं होतं. एका दुपारी मी खाली गेले तर टाकी मांडीवर घेऊन बसलेले. मी काही विचारलं नव्हतं. तेच बोलू लागले.

"मंद्रूपच्या अलीकडं आमचं गाव. आमची आय हिरीवर जायची, पन हिरीला हात लावायचा न्हाय. घागर जमिनीवर ठिवायची आन् लांब बसायची. कुणाच्या मनात आलं तर वरनं वततील. न्हायतर बसायचं. मी तिच्याजवळ बसायचो, तवा लई ल्हान व्हतो. ईळ कलला तरी कवाकवा घागर रिकामीच. रिकाम्या घागरीत वारं शिरलं की घूं असा आवाज येतोय बगा. त्यो आवाज माज्या कानातनं आजून गेला न्हाय." पडद्यावरची खूण लुकलुकत होती. तिच्याकडं बोट करून म्हणाले, "आन् ही मला म्हणतीया, पानी न्हाय."

मी वर येऊन रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आणि तरीही जर्मनीत ठिपका दिसत असणार, कारण लेकीचा फोन काही आला नव्हता. हे कोडं मला लवकरच सुटलं. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला मी काही कामानं खाली डोकावले तर पेटी चालू, आत दिवा, जाळीवर काही नाही. पाणी नसलं तरी नुसत्या गरम हवेवर ती चालत होती. काका समोर स्टुलावर बसून चहात कडक भाकरी बुडवत होते.

"काका, हे काय?"

"टेस्ट रिंग," ते शांतपणे म्हणाले. "एक्स्चेंजमदनं आमी रोज सकाळी लायनीवर घंटी सोडायचो. बोलायचं काय न्हाय. लाइन जित्ती हाय का बगायचं."

"आणि तुमचं जेवण?"

"ही काय, भाकरी हाय की."

त्यांची हाडं दिसू लागली होती. मी डबा द्यायला लागले, ते अर्धा परत पाठवायचे. लेकीला कळवू का, असा धाक घातला तर म्हणाले, "ताई, तुमी फोन केला तर मला घर सोडावं लागंल. बगा तुमी." मी फोन केला नाही. रोज खाली जाऊन पेटीशी झटापट मात्र करत राहिले. तारेचे सांधे पुसले, टाकीची रबरं पुसली, कंपनीच्या मेकॅनिकनं फोनवर सांगितलं की सेन्सर गेलाय, बदलावा लागेल, तो परदेशातून यायचाय.

एका रविवारी काका विहारात वंदनेला गेले होते. मी त्यांच्यासाठी भोपळ्याच्या फोडी करून पेटीत ठेवल्या, उगीच, एकदा बघू म्हणून. टाकी काढली. कॅन उचलला तर रिकामा. दुकान रविवारचं बंद. फाटकाशी माठ होता, त्यातलं पाणी टाकीत ओतलं आणि टाकी बसवली.

खूण गेली. थोड्या वेळात आत सूं सूं झालं आणि काचेवर वाफ धरली.

काका आले ते चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरले. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. पेटीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"पानी कुटलं घातलं?"

"दारातल्या माठातलं."

त्यांनी पेटी थांबवली. शेजारच्या गाडी दुरुस्तीच्या टपरीवाल्याच्या घरून वाटीभर बॅटरीचं पाणी मागून आणलं, टाकीत घातलं. रिकामी. ते ओतून माठातलं घातलं. भरली. पुन्हा एकदा करून बघितलं. मग टाकी उलटी करून तळातल्या दोन बारीक पोलादी पिना मला दाखवल्या.

"ह्या पिनेतनं त्या पिनेत करंट जातोय. गेला तर पानी हाय, न्हाय गेला तर न्हाय. करंट जायाला पान्यात जरा मीठमाती लागती. माज्या पान्यात कायच नव्हतं. लई शुद्ध." ते खुर्चीवर बसले आणि हसू लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. "जिंदगीभर लोकांच्या शुद्धपनाला नावं ठिवली, ताई. आन् म्हातारपनी मीच त्याच्या नादी लागलो की. येणाऱ्याजाणाऱ्याचं पानी तिला पायजे व्हतं."

त्या दिवशी आम्ही दोघांनी भोपळा खाल्ला. तो पहिल्यांदाच नीट शिजला होता, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. त्यानंतर काका दिसामाशी भरू लागले. मेथीचे मुटके मऊ झाले. पेटीला माठातलं गोडं पाणी, ते संपलं की नळाची वाट. पाणी आलं की आधी माठ, मग पेटी, मग काका, असा क्रम ठरला.

दिवाळीच्या सुमारास लेक आली. घराची तपासणीच झाली म्हणायची. पेटी लख्ख, काका गुटगुटीत. रात्रीच्या जेवणाला मला खाली बोलावलं होतं. लेक म्हणाली, "ठीक आहे, अप्पा. तुम्ही जिंकलात. राहा इथं." काकांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच खटला लढवला होता.

मग तीच हसत म्हणाली, "पण मधे एवढे दिवस रिकामा ओव्हन लावत होता, ते मला कळत होतं बरं का. वाफ होती का गरम हवा होती, तेही फोनवर दिसतं."

काकांचा घास हातात राहिला. "मग आली का न्हाईस?"

"तुम्हाला यायचं नव्हतं ना. आणि लावत तर होता." ती ताटात बघत होती. "सकाळी उठले की मी फोन समोर ठेवून बसते. ठिपका लागल्याशिवाय चहा घेत नाही. एखादे दिवशी तुम्हाला उशीर होतो. मग ऑफिसला तशीच जाते."

"रोज?"

"रोज."

ती सहज बोलली होती. पुढं विषयही बदलला.  पण काका जेवण झाल्यावर फाटकाशी जाऊन माठाजवळ पायरीवर बसले.

सकाळी मी कचेरीला निघाले तेव्हा ते तिथंच होते. माझी बाटली त्यांनी न बघताच भरली आणि म्हणाले, "ताई, मी जातो तिच्यासंगं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काका, पेटी तर नीट झाली. ती राहा म्हणाली."

"पेटीचं न्हाय." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं, पुन्हा सैल केलं. "पोरगी तितं घागर घिऊन बसतीया, ताई. रोज सकाळी. लांबनं. कोण वततंय का बगत. आन् मी हितं पेटीत काय घालायचं त्याच्यात गुतलोय."

मी आग्रह करायला पाहिजे होता का, कोण जाणे. माझ्याकडं करण्यासारखा आग्रहच नव्हता.

जाताना त्यांनी खालच्या घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि कामं वाटून दिली. माठ रिकामा ठेवायचा नाही. नळाला कान लावायचा, पाणी आलं की पाइप वाजवायचा, वर कुणी नसलं तरी. आणि सकाळी पेटी लावायची.

"त्यात शिजवू काय?"

"शिजवा वाटलं तर. न्हायतर रिकामी लावा. टेस्ट रिंगला कोण बोलतंय?"

तिकडून रविवारी त्यांचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला: "तक्रार काय हाय?" मग त्यांचीच तक्रार. नळ उघडला की पाणी येतं, चोवीस तास. "हितलं पानी न सांगता येतंय, ताई. कान लावून बसलो तर लेक म्हणती, अप्पा, काय झालं." थंडीनं जीव नकोसा होतो. पण चहा दोघं मिळून घेतात. ठिपका दिसला की ती कपबशी काढते आणि ते टेबलाशी येऊन बसतात. पार्सलवाल्याला त्यांनी दारात पेला धरला तेव्हा तो बावरून दोन पावलं मागं सरला होता. आता तो स्वतःच घंटी वाजवून थांबतो. "नाव आजून इचारलं न्हाय," ते अभिमानानं म्हणाले.

गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. लेकीचा फोन आला तो सकाळी, मी कचेरीत असताना. ती नीट बोलली, मला नीट बोलता आलं नाही. माणूस जवळ असताना त्याच्या ठकठकीचा वैताग येतो आणि तो गेल्यावर घरातल्या सगळ्या भिंती मुक्या होतात, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला नाटकी म्हटलं असतं. आता म्हणत नाही. काका मला हवे आहेत. माझ्या तापाची तक्रार नोंदवून घ्यायला हवे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी खाली गेले. पेटी लावावी की नाही, कळेना. आता तिकडं टेबलाशी कुणी दुसरं बसणार नव्हतं. कॉटवरचा रिसीव्हर उचलून मी कानाला लावला. काही ऐकू आलं नाही, तेव्हा काय करायचं ते सुचलं. टाकी काढली, शिळं पाणी लिंबाला घातलं, माठातलं ताजं घातलं, टाकी बसवली. यंत्रानं पाणी मागितलं नाही. आत काहीच न ठेवता मी बटण दाबलं आणि काकांच्या स्टुलावर बसून राहिले.

काचेवर वाफ धरली तेव्हा फोनवर लेकीचा निरोप आला.

"दिसलं, ताई. चहा घेते."